फायनान्समधलं मास्टर्स : नोकरी सोडून पूर्णवेळ, की नोकरी सांभाळून संध्याकाळचे वर्ग?

लेखाजोखा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, आता स्वतःचंच काम निघालं म्हणून धागा काढतेय. जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा.

वय २७, बी. कॉम. एका खासगी बँकेत ट्रेड फायनान्सच्या बॅक ऑफिसला आहे. ऑफिस बीकेसीत, घर डोंबिवलीत. हातात पडतात ३८ हजार. काम काय, तर एलसीखाली (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ग्राहकाच्या वतीने बँकेने दिलेली पैसे देण्याची हमी) आलेले कागद तपासायचे. बिल ऑफ लेडिंगवरची (माल जहाजात चढवल्याची पावती) तारीख एलसीतल्या शेवटच्या तारखेच्या आत आहे का, इन्व्हॉइसवर मालाचं वर्णन शब्दशः तेच आहे का, विम्याची रक्कम पुरेशी आहे का. यूसीपी ६०० (एलसीचे आंतरराष्ट्रीय नियम) प्रमाणे कागद सादर झाल्यापासून पाच बँकिंग दिवसांत काय ते कळवावं लागतं, त्यामुळे डोक्यावर घड्याळ कायम. सुरुवातीला मजा यायची. आता कागद समोर आला की चूक आपोआप दिसते आणि तिथेच काम संपतं. ज्या कंपनीची एलसी आहे तिला ती मर्यादा कुणी दिली, कशाच्या जोरावर दिली, हे आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर ठरतं आणि मला तिथे जायचंय. म्हणजे क्रेडिटला, कर्ज मंजूर करणाऱ्या विभागात.

पर्याय असे दिसतात: सीईटी (प्रवेश परीक्षा) देऊन दोन वर्षांचं पूर्णवेळ एमएमएस (एमबीएसारखीच पदवी), फायनान्स घेऊन. किंवा दोन वर्षांचं एम. एस्सी. फायनान्स. किंवा मुंबई विद्यापीठाचं तीन वर्षांचं अर्धवेळ एमएफएम (मास्टर्स इन फायनान्शियल मॅनेजमेंट), संध्याकाळचे वर्ग.

घरी वडील निवृत्त, भाऊ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. घराच्या हप्त्यातले ११ हजार माझ्याकडे. लग्न झालेलं नाही, आणि त्या विषयावर कृपया प्रतिसाद नकोत.

काय करावं?

---

ताकभात

वाचतेय. माझाही हाच प्रश्न आहे, फक्त बँकेच्या जागी विमा कंपनी वाचावं.

---

चर्चगेट_स्लो

एमएफएम केलंय, नोकरी सांभाळून. म्हणून जे माहितीपुस्तकात लिहीत नाहीत ते सांगतो.

माझ्या वेळी वर्ग साडेसहा ते साडेनऊ. कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात साडेपाचला खुर्चीतून उठावं लागतं, आणि बँकेत साडेपाचला उठणारा माणूस म्हणजे अर्धी रजा टाकलेला माणूस. पहिले दोन महिने साहेब कौतुकाने विचारतात, 'काय, कॉलेज?' तिसऱ्या महिन्यात तोच प्रश्न वेगळ्या सुरात येतो. बीकेसीतून चर्चगेट गाठायचं म्हणजे पूर्वी वांद्र्यापर्यंत शेअर रिक्षाच्या रांगेतच जीव जायचा. आता भुयारी मेट्रो बीकेसीहून थेट चर्चगेटला जाते, तेवढं तुमचं नशीब आमच्यापेक्षा बरं. पण परतीचं काय? साडेनऊला सुटून सीएसएमटीला चालत या, मिळेल ती कल्याण-कर्जत पकडा, डोंबिवलीला उतरून घरी पोचेपर्यंत साडेअकरा. जेवण, झोप, आणि सकाळी परत ७:५० ची लोकल.

हे झालं नेहमीच्या दिवसांचं. मार्च वेगळा. वर्षअखेर, बँकेत सगळे रात्रीपर्यंत, आणि त्याच सुमाराला आमची एखादी अंतर्गत परीक्षा हटकून यायची. पहिलं वर्ष उत्साहात जातं, तिसरं वर्ष प्रोजेक्टच्या नादात निघतं. माणसं गळतात ती दुसऱ्या वर्षी.

आता चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं होतं. माझ्या वर्गात एक रेटिंग एजन्सीतला होता, दोन जण एनबीएफसीत (बँक नसलेल्या वित्त कंपनीत), एक बाई एका औषध कंपनीच्या ट्रेझरीत (पैशांचं नियोजन बघणाऱ्या विभागात). सरांनी रोख प्रवाहाचं प्रकरण काढलं की फळ्यावरचं उदाहरण बाजूला राहायचं आणि ही बाई सांगायची की आमच्याकडे डॉलरची पावती यायला उशीर झाला तेव्हा आम्ही काय केलं. पूर्णवेळच्या वर्गात हे मिळणार नाही. तिथे सगळ्यांना नोकरी हवी असते, इथे सगळ्यांकडे असते. माझी पुढची नोकरी त्या रेटिंगवाल्याच्या शिफारशीने लागली.

---

कॅम्पसवाला

वरच्या प्रतिसादाचा आदर ठेवून उलट बाजू मांडतो. मी पूर्णवेळ एमएमएस केलंय, आधी आयटीत होतो.

पूर्णवेळमध्ये तुम्ही पैसे मोजता ते शिकवण्याचे नाहीत. पुस्तकं तीच, डेरिव्हेटिव्हज तेच, बऱ्याचदा शिकवणारेसुद्धा तेच, दुपारी आम्हाला आणि संध्याकाळी त्यांना. पैसे मोजता ते दोन गोष्टींचे. दुसऱ्या सत्रानंतरची दोन महिन्यांची उन्हाळी इंटर्नशिप आणि शेवटच्या वर्षीचं कॅम्पस. टेस्टिंगमधल्या पोराला कॉर्पोरेट बँकिंगच्या टेबलावर बसवून 'कर बघू' असं म्हणणारी जागा मला बाहेर कुठेच मिळाली नसती. माझ्या बायोडेटावर आयटीचे शिक्के होते. त्या दोन महिन्यांनी ते पुसले.

ज्याला लाइन बदलायची आहे त्याने पूर्णवेळ करावं. ज्याला त्याच लाइनमध्ये वर चढायचंय त्याने अर्धवेळ. धागाकर्तीचं नेमकं काय आहे हे मला कळलेलं नाही. बँक तीच, इमारत तीच, पण मजला वेगळा. ही लाइन बदलणं म्हणायची की बढती?

---

आकडेमोड

भावना बाजूला ठेवून जरा हिशेब करू या. फी संस्थेप्रमाणे बदलते, म्हणून सोयीचे आकडे धरतो. तुम्ही तुमचे घाला.

पूर्णवेळ: दोन वर्षांचा बुडालेला पगार ३८,००० × २४ = ९.१२ लाख. फी, पुस्तकं, किरकोळ धरून ८ लाख, सगळं कर्ज. दरवर्षी ४ लाख उचलले, व्याज १० टक्के, आणि अभ्यासक्रम अधिक एक वर्ष हप्ता नाही, असं धरलं तर तोवर सरळव्याज साधारण २ लाख साठतं. म्हणजे फेड सुरू होताना डोक्यावर १० लाख. एकूण बोजा १९.१२ लाख.

अर्धवेळ: तीन वर्षांची फी ४ लाख धरा, म्हणजे महिना ११ हजार, पगारातूनच. पगार चालू.

फरक १५.१२ लाख. सात वर्षांत वसूल करायचा तर ८४ महिन्यांवर महिना बरोबर १८ हजार. म्हणजे पूर्णवेळ करून मिळणारी नोकरी, तुम्ही इथेच राहिला असतात तर त्या वेळी जो पगार असता त्यापेक्षा, हातात निदान १८ हजार जास्त देणारी हवी. आजच्या ३८ हजारांशी तुलना करू नका, ती चूक सगळे करतात. दोन वर्षांनी इथला पगारही वाढलेला असेल.

आणि घराच्या हप्त्यातले ११ हजार × २४ = २.६४ लाख कोण भरणार, ते लिहिलेलं नाहीत.

---

बारीक_छपाई

@आकडेमोड, दहा लाखांची फेड सात वर्षांत करायची तर १० टक्क्यांनी हप्ता १६,६०० च्या आसपास बसतो. ८४ हप्ते म्हणजे जवळजवळ १३.९४ लाख. फेडीच्या काळातलं व्याज तुम्ही धरलंच नाहीत. ते धरलं तर तुमचे १८ हजार २२,७०० च्या घरात जातात.

---

आकडेमोड

मान्य. बदल करून वाचावे. उलट बाजूने, जुन्या करप्रणालीत राहिलात तर शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षं वजावट मिळते (आयकर कायद्याचं जुनं कलम ८०ई, सगळे अजून 'एटी ई'च म्हणतात). नव्या प्रणालीत ती नाही. सध्या बहुतेकांना नवी प्रणालीच परवडते, त्यामुळे त्यावर फार भिस्त ठेवू नये. अजून एक: साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी हमी योजनेखाली तारण लागत नाही. वडिलांचं घर गहाण टाकायची भाषा कुणी केली तर आधी हे विचारा.

---

वामकुक्षी

मला तर हे सगळं कठीणच वाटतं. मुलीचं वय २७, तीन वर्षं संध्याकाळी बाहेर, रात्री साडेअकराला घरी... आधी स्थिरस्थावर व्हावं असं आपलं मला वाटतं. राग मानू नये.

ताकभात

काका, मूळ धाग्यातलं शेवटून दुसरं वाक्य परत वाचा.

कोथळीगड

+१. आणि तीच साडेअकराची लोकल मुलगे पकडतात तेव्हा त्यांना 'मेहनती' म्हणतात.

---

लेखाजोखा

सगळ्यांचे आभार, वामकुक्षी काकांचेसुद्धा. माझी आई रोज हेच म्हणते, तीही राग न मानता.

२२,७०० वाचून जरा गप्प बसले. कॅम्पसवाला, तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर मलाही नीट माहीत नाही. आमच्याकडे बॅक ऑफिसमधून क्रेडिटला गेलेलं मी कुणाला पाहिलेलं नाही. तिथली सगळी कॅम्पसमधून आलेली किंवा सीए.

---

हेडऑफिस

मी एका बँकेच्या एचआरमध्ये आहे, कुठल्या ते विचारू नका. अर्जांची चाळणी कशी होते ते सांगते.

पदवी पूर्णवेळ की अर्धवेळ, हे सगळ्यात आधी कुणी बघत नाही. आधी बघतात मागची दोन वर्षं माणूस काय करत होता. अर्धवेळ पदवी आणि सोबत त्याच क्षेत्राचं काम असेल तर ती अभिमानाने दाखवण्याची गोष्ट. अर्धवेळ पदवी आणि काम मात्र भलतंच, असं असेल तर मुलाखतीत पहिला प्रश्न येतो, 'शिकलात ते वापरलंत कुठे?' तिथे नव्वद टक्के लोक पुस्तकातली व्याख्या सांगतात. (नव्वद हा अंदाज, मोजलेला नाही.)

पूर्णवेळबद्दल एक गोष्ट कुणी बोललं नाही. कॅम्पसला बँका येतात त्या मॅनेजमेंट ट्रेनीसाठी. धागाकर्तीला प्रवेश मिळून बाहेर पडेपर्यंत तिशी आलेली असेल. शेजारच्या बाकावर २३ वर्षांची मुलगी, दोघींना पत्र एकाच पदाचं, पगार एकच. आधीच्या नोकरीचे पैसे कॅम्पसला फारसे मिळत नाहीत. काहींना त्याचं काही वाटत नाही. काही जण सहा महिन्यांत कुरकुरायला लागतात आणि मग आम्हाला त्यांच्या राजीनाम्याची मुलाखत घ्यावी लागते.

अजून एक. वर्तमानपत्रात पानभर जाहिरात असते त्या 'एक्झिक्युटिव्ह' अभ्यासक्रमांचं शेवटी मिळतं ते बहुतेकदा प्रमाणपत्र. पदवी विद्यापीठ देतं. स्वायत्त संस्था पीजीडीएम देतात ती पदविका, एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) मान्यता असेल तर बाजारात चालते. प्रमाणपत्राला वाईट म्हणत नाही, पण पैसे भरण्याआधी शेवटच्या कागदावर काय छापलेलं असेल ते विचारून घ्या.

---

तीन_पायऱ्या

कुणीच म्हणत नाही म्हणून मी म्हणतो. पदवीच कशाला? सीएफए (चार्टर्ड फायनान्शियल ॲनालिस्ट) करा. तीन लेव्हल, घरी अभ्यास, नोकरी चालू, फी टप्प्याटप्प्याने.

चर्चगेट_स्लो

सीएफएवाले प्रत्येक धाग्यावर येतातच.

सीएफए चांगलंच आहे, पण एका लेव्हलला तीनशे तास अभ्यास धरून चला असं ती संस्थाच सांगते, आणि सनद हवी तर वर ४,००० तासांचा संबंधित अनुभव. शिवाय त्याचा ओढा गुंतवणुकीकडे, शेअर, रोखे, पोर्टफोलिओ. धागाकर्तीला कर्ज मंजूर करणाऱ्यांच्यात जायचंय. ताळेबंद वाचायला त्याने मदत होईल, पण वरच्या मजल्याचं दार त्याने उघडेल असं वाटत नाही.

तीन_पायऱ्या

ताळेबंद वाचता येणं हेच तर क्रेडिट. असो, वाद नको. लेव्हल दोन लटकलीय, अभ्यासाला बसतो.

---

शाखाधिकारी_निवृत्त

सरकारी बँकेत हयात गेली, त्यातली बरीच वर्षं क्रेडिटला. मास्टर्स केलेलं नाही. आमच्या वेळी सीएआयआयबी, म्हणजे बँक कर्मचाऱ्यांची वरची परीक्षा, केलं की झालं. तिच्या आधीच्या जेएआयआयबीचे चार पेपर, सीएआयआयबीचे पाच, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स घेते, आणि बँकेतला कुणीही रुजू झाल्यावर देऊ शकतो. ताई, तुम्ही हे दिलंय का? धाग्यात उल्लेख नाही. नसेल तर लाखो रुपयांचा विचार करण्याआधी काही हजारांचा करा. सीएआयआयबीत क्रेडिट आणि जोखमीचा अभ्यास आहे आणि बदली मागताना अर्जाला जोडायला कागद मिळतो.

दुसरं, तुम्ही स्वतःला 'बॅक ऑफिस' म्हणता ते मला पटलं नाही. एलसी म्हणजे कर्जच की. पैसे आज न देता देण्याची हमी दिलेली असते एवढंच. कंपनी बुडाली तर बँकेलाच भरावे लागतात. कुठल्या ग्राहकाच्या एलसी वेळेवर सुटतात, कुणाच्या डिव्हॉल्व्ह होतात (ग्राहकाने न भरल्याने पैसे बँकेला भरावे लागतात), कोण दर महिन्याला शेवटच्या दिवशी पैसे गोळा करत फिरतो, हे वरच्या मजल्याला तुमच्याकडून आलेल्या रिपोर्टातून कळतं. तुम्हाला ते रोज दिसतं. माझ्याकडे नवीन ऑफिसर आला की मी विचारायचो, या पार्टीच्या गेल्या वर्षात किती एलसी डिव्हॉल्व्ह झाल्या? एमबीए झालेल्यांना नाही यायचं सांगता.

एक काम करा. तुमच्याच टेबलावर येणाऱ्या एखाद्या मध्यम कंपनीचा वार्षिक अहवाल घ्या, शेअर बाजारात नोंद असलेली घ्या म्हणजे अहवाल उघड मिळेल आणि गोपनीयतेचा प्रश्न येणार नाही. तिला खेळतं भांडवल (रोजच्या व्यवहाराला लागणारा पैसा) किती लागेल ते स्वतः काढा. टंडन समितीची पद्धत, म्हणजे चालू मत्ता (माल, येणी वगैरे) वजा बँकेच्या कर्जाखेरीजची चालू देणी, त्यातून मालकाचा २५ टक्के हिस्सा काढून उरेल ते बँकेचं. मग नायक समितीच्या पद्धतीने काढा: अंदाजित उलाढालीच्या २५ टक्के गरज, त्यात ५ टक्के मालकाचे, २० टक्के बँकेचे. ही खरी लहान उद्योगांसाठीची, पण करून बघायला हरकत नाही. दोन उत्तरं वेगळी येतील. का वेगळी आली, हे अर्ध्या पानात लिहा. ते अर्धं पान घेऊन वरच्या मजल्यावर जा आणि 'सर, हे बरोबर आहे का' एवढंच विचारा. नोकरी मागू नका.

क्रेडिटवाल्याला कुणी काही विचारायला आलं की तो बोलत सुटतो. मी तीस वर्षं हेच केलंय, बायकोला विचारा.

---

कोथळीगड

काका, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका. साठवून ठेवलाय.

---

टेम्सकाठ

अवांतर होईल, पण परदेशाचा विचार करणारेही हा धागा वाचत असतील म्हणून.

लंडनमध्ये आहे, वर्क व्हिसावर. इथे बर्कबेक नावाचं लंडन विद्यापीठाचं कॉलेज आहे, १८२३ पासूनचं, कामकरी लोकांसाठीच निघालेलं. तिथले वर्ग आजही मुख्यतः संध्याकाळी असतात. माझी एक सहकारी तिथे अर्धवेळ फायनान्स करतेय. पण ती इथे आधीच नोकरीला आहे म्हणून. भारतातून विद्यार्थी म्हणून येणाऱ्याने अर्धवेळच्या नादी लागू नये. पूर्णवेळ पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, अर्धवेळवाल्याला कामाची परवानगीच नाही. म्हणजे अर्धवेळ शिकायचं आणि उरलेला वेळ पाउंड खर्च करत बसायचं.

जर्सीची_सून

अमेरिकेतही तोच प्रकार. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर आलात तर पूर्णवेळच शिकावं लागतं. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वाले किंवा माझ्यासारखे एच-४ (त्यांच्या जोडीदाराचा व्हिसा) वाले संध्याकाळी एक-दोन विषय घेऊन सावकाश पदवी करू शकतात. एफ-१ वाल्यांसाठी बघण्यासारखं हे की काही विद्यापीठांचं फायनान्स 'स्टेम'मध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित या गटात) बसतं, काहींचं नाही. बसत असेल तर शिक्षणानंतरच्या १२ महिन्यांच्या ओपीटीला (काम करायच्या परवानगीला) आणखी २४ महिने जोडून मिळतात. नाव तेच, इमारती तशाच, फरक दोन वर्षांचा. प्रवेश घेण्याआधी विचारा.

---

कॅम्पसवाला

शाखाधिकारी काकांचा प्रतिसाद वाचून माझं मत थोडं हललं. पण एक सावधगिरी: त्यांनी सांगितलेलं सरकारी बँकेत चालतं, तिथे बदली होत असते. खासगी बँकेत एका विभागातून दुसऱ्यात जायचं म्हणजे अंतर्गत जाहिरात यावी लागते, आपल्या साहेबाने सोडावं लागतं, आणि चांगलं काम करणाऱ्याला साहेब सोडत नाही. ज्याचं काम वाईट त्याला नवा साहेब घेत नाही. त्यामुळे 'आत राहून बदल' हा पर्याय गृहीत धरून तीन वर्षांचा कोर्स घेऊ नये. आधी दार आहे का ते बघा.

सीईटीचा अभ्यास मात्र सुरू करा. दोनशे प्रश्न, अडीच तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. नोकरी करून जमते. परसेंटाइल बघूनच पूर्णवेळ म्हणजे नक्की कुठलं कॉलेज ते कळेल. बजाजसारखं (मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था) मिळालं तर आकडेमोड साहेबांचे २२,७०० हा प्रश्न एका प्रकारचा, आणि यादीत खाली कुठेतरी मिळालं तर पूर्ण वेगळा. जिथे बँका कॅम्पसला फिरकतच नाहीत तिथे नोकरी सोडून जाणं मला तरी समजत नाही. तसली पूर्णवेळ पदवी घेण्यापेक्षा संध्याकाळची कधीही बरी.

आकडेमोड

या शेवटच्या परिच्छेदाला जोरदार अनुमोदन. कॉलेजच्या प्लेसमेंटच्या पत्रकात 'सर्वाधिक पॅकेज' छापतात ते बघू नका. मधल्या मुलाला काय मिळालं ते विचारा, आणि किती जण बँकेत गेले, किती म्युच्युअल फंड विकायला गेले तेही. मागच्या वर्षीच्या दोन-तीन मुलांना लिंक्डइनवर गाठून विचारलं तर सांगतात.

---

हेडऑफिस

कंपनी फी भरते का हेही विचारा. काही ठिकाणी अर्धवेळ शिक्षणाला अंशतः परतावा असतो. मात्र त्यासोबत बॉण्ड येतो, कोर्स संपल्यावर अमुक इतका काळ नोकरी सोडायची नाही. तीन वर्षं शिकायचं, वर दोन वर्षं बांधून घ्यायचं, आणि तेही ज्या खुर्चीचा कंटाळा आलाय तिच्यात. पैसे वाचतात म्हणून सही करू नका. बॉण्डमध्ये विभागबदल झाला तरी चालेल असं लिहून मिळत असेल तर गोष्ट वेगळी.

---

लेखाजोखा

मधे लिहिलं नाही कारण काकांचं काम करत होते. रसायनं बनवणारी, शेअर बाजारात नोंद असलेली एक कंपनी घेतली. टंडनने आलेला आकडा नायकपेक्षा बराच कमी आला. आधी वाटलं बेरीज चुकली. मग लक्षात आलं, या कंपनीला कच्चा माल देणारेच तीन-साडेतीन महिन्यांची उधारी देतात, त्यामुळे बँकेची गरज मुळात कमी. उलाढालीच्या पद्धतीला हे दिसतच नाही, तिला फक्त विक्री दिसते.

अर्धं पान लिहून वरच्या मजल्यावर गेले. ज्यांना भेटले त्यांनी आधी घड्याळ बघितलं, मग पान वाचलं, आणि विचारलं, 'उधारी देणाऱ्यांत एकच मोठा पुरवठादार आहे का? त्याने हात आखडला तर?' मला ते सुचलंच नव्हतं. पाऊण तास बोलत होते. शेवटी म्हणाले की क्रेडिट ॲनालिस्टची अंतर्गत जागा निघाली की कळवतो, पण तिथे मास्टर्स किंवा सीए लागतं. 'शिकतेय' असलं तरी चालतं.

त्या शेवटच्या चार शब्दांमुळे माझं बरंचसं ठरलंय. अर्धवेळचा फॉर्म भरतेय. सीईटीही देणार आहे, पण कॅम्पसवाला म्हणतात तसं वरच्या दोन-तीन कॉलेजांतलं काही मिळालं तरच घरी विषय काढेन. जेएआयआयबीची नोंदणी केली. आईला साडेअकराचं सांगितलं नाहीये अजून.

एक शंका: अर्धवेळ प्रवेशासाठी नोकरीचा दाखला आणि मालकाचं ना-हरकत पत्र मागतात. त्यात नेमकं काय लिहून घ्यायचं? आमच्या एचआरकडे छापील नमुना आहे, त्यात फक्त 'सदर कर्मचारी आमच्याकडे कार्यरत आहे' एवढंच येतं.

---

चर्चगेट_स्लो

तेवढं पुरत नाही, माझ्या वर्गातल्या एकाला त्यावरून परत पाठवलं होतं. लेटरहेडवर घ्या. रुजू झाल्याची तारीख, सध्याचं पद, नोकरी पूर्णवेळ आणि कायम आहे हे, पदवीनंतर एकूण किती अनुभव, आणि 'संध्याकाळच्या अभ्यासक्रमाला हरकत नाही' हे वेगळं वाक्य. सही, शिक्का, सही करणाऱ्याचं नाव-पद. अनुभव किती लागतो आणि तो कुठल्या तारखेपर्यंत मोजतात ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तकात बघा, गेल्या वर्षीचं चालत नाही. आधीच्या नोकरीचा अनुभव धरायचा असेल तर तिथलं रिलिव्हिंग लेटर शोधून ठेवा. मूळ प्रत एकच देतात, दोन मागा.

हेडऑफिस

आणि एचआरला मेल टाकताना कार्यालयीन वेळेत बदल हवा असेल तर आत्ताच लिहा. सकाळी अर्धा तास आधी येऊन साडेपाचला निघणं, असं साहेबांच्या संमतीसकट लेखी. तोंडी ठरलेलं साहेब बदलला की संपतं.

ताकभात

ताई, मीपण फॉर्म भरतेय. विम्यातली आहे, राहते कल्याणला. प्रवेश मिळाला तर परतीच्या लोकलला सोबत होईल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.